मत्स्यतळ्यातील एरोमोनास हायड्रोफिला : रोगकारक की संधिसाधू?

बीजसंज्ञा : एरोमोनास हायड्रोफिला, कार्प मासे, रक्तदूषण, एरोलायसिन, प्रतिजैविके, माजी मालगुजारी तलाव

प्रस्तावना

मत्स्यसंवर्धनात आज चीनच्या खालोखाल भारताचे स्थान आहे. या वाटचालीचा आरंभ सामान्यतः १० जुलै १९५७ या दिवसापासून मानला जातो. या दिवशी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन भारतीय कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. तोपर्यंत कटला, रोहू व मृगळ यांचे बीज पुराच्या पाण्यातून, नद्यांच्या पात्रांतून गोळा करावे लागे. प्रेरित प्रजननामुळे ते हवे तेव्हा, हवे तेवढे मिळू लागले आणि त्यांच्याच जोडीला चंदेरा, गवत्या व सायप्रिनस हे परदेशी मासेही आपल्या तळ्यांत आले. बीज मुबलक झाले म्हणजे संचयनाची घनता वाढते, आणि घनता वाढली की रोग वाढतो. कोंबड्यांच्या व गुरांच्या बाबतीत हे आपल्या पूर्वीच ध्यानात आले होते. पाण्याखालचे दिसत नसल्यामुळे माशांच्या बाबतीत ते उशिरा ध्यानात आले, इतकेच.

गोड्या पाण्यातील माशांच्या जिवाणूजन्य रोगांत ज्याचे नाव सर्वाधिक वेळा घेतले जाते, त्या एरोमोनास हायड्रोफिला या जिवाणूचे विवेचन करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. विषय सूक्ष्मजीवशास्त्राचा असला तरी त्याचा संबंध भंडारा-गोंदियाच्या माजी मालगुजारी तलावांवर उपजीविका करणाऱ्या ढीवर बांधवांशी आणि प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्यात मत्स्यबोटुकली सोडणाऱ्या शेतकऱ्याशीही आहे, म्हणून तो केवळ प्रयोगशाळेपुरता राहू नये असे वाटते.

शोध आणि नामकरण

इटालियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ज्युसेप्पे सानारेल्ली यांनी १८९१ मध्ये या जिवाणूचे वर्णन प्रथम केले, तेही माशांत नव्हे तर बेडकांत. बेडकांच्या मांड्यांची त्वचा लालभडक करणारा हा रोग पुढे 'लाल पाय' या नावाने ओळखला गेला. त्यानंतर अर्धशतकभर या जिवाणूला निरनिराळ्या प्रजातींत ढकलले गेले. १९४३ मध्ये स्टॅनियर यांनी त्याला एरोमोनास प्रजातीत आणले. या नावातील पहिल्या शब्दाचा अर्थ वायू निर्माण करणारा एकपेशीय जीव असा, तर दुसऱ्याचा अर्थ जलप्रिय असा आहे. नाव अतिशय समर्पक आहे. नद्या, तलाव, विहिरी, गाळ, सांडपाणी, पाणवनस्पतींची मुळे आणि धडधाकट माशाचे आतडे, गोडे पाणी जिथे आहे तिथे हा आहेच. गंमत अशी की, जगभरच्या प्रयोगशाळांत ज्या प्रमाण वाणाशी तुलना केली जाते तो एटीसीसी ७९६६ हा वाण माशातून वा बेडकातून मिळालेला नाही. मासळीसारखा वास येऊ लागलेल्या दुधाच्या एका डब्यातून तो वेगळा करण्यात आला होता.

हा जिवाणू ग्रॅम-ऋण व दंडाकृती असून त्याच्या एका टोकाला असलेल्या कशाभिकेच्या साहाय्याने तो पोहतो. प्राणवायू असो वा नसो, तो जगू शकतो. त्याची उत्तम वाढ सुमारे २८ अंश सेल्सिअसला होते. मात्र शीतकपाटातील ४-५ अंशांवरही ती पूर्णपणे थांबत नाही. २००६ मध्ये वरील प्रमाण वाणाचा संपूर्ण जनुकसंच वाचण्यात आला. तो सुमारे ४७ लाख आधार-जोड्यांचा असून त्यात पाच हजारांच्या आसपास जनुके आहेत. अनेक प्रकारचे अन्न पचविण्याची आणि अनेक प्रकारच्या परिस्थितीत तग धरण्याची तरतूद त्यात आढळते. शीत प्रदेशातील सालमन व ट्राउट यांचा वैरी असलेला एरोमोनास साल्मोनिसिडा हा याचाच स्थिर, न पोहणारा भाऊबंद होय.

येथे वर्गीकरणाविषयी एक सावधगिरी नोंदविणे आवश्यक आहे. केवळ जैवरासायनिक चाचण्यांवर विसंबून जुन्या काळी ज्यांना 'हायड्रोफिला' म्हटले गेले, त्यांपैकी अनेक वाण पुढे जनुकीय तपासणीत एरोमोनास व्हेरोनी, एरोमोनास ढाकेन्सिस अशा सख्ख्या शेजाऱ्यांचे निघाले आहेत. बांगलादेशातील अतिसारग्रस्त बालकांकडून मिळालेले ढाकेन्सिस हे तर २००२ मध्ये हायड्रोफिलाचीच उपजाती म्हणून वर्णिले गेले होते. म्हणून जुन्या शोधनिबंधांतील 'हायड्रोफिला' हा शब्द वाचताना तो पुष्कळदा एका कुटुंबाचे आडनाव म्हणून वाचावा लागतो.

रोगाची लक्षणे

या जिवाणूमुळे होणाऱ्या रोगास चल एरोमोनासजन्य रक्तदूषण असे म्हणतात. तीव्र स्वरूपात मासे फारशी बाह्य लक्षणे न दाखविता मरतात. फार तर परांच्या मुळाशी, पोटाखाली व गुदद्वाराजवळ रक्ताचे लाल ठिपके दिसतात. मंद स्वरूपात शरीरावर व्रण पडतात, शेपटी व पर झडू लागतात, डोळे बाहेर येतात. तिसरे रूप जलोदराचे. उदरपोकळीत पिवळसर वा लालसर द्रव साठतो, पोट फुगते आणि खवले मुळापासून उभे राहतात. असा मासा हातात घेतला तर उलट्या दिशेने हात फिरवल्यासारखा स्पर्श होतो. शवविच्छेदनात मूत्रपिंड सुजलेले व मऊ, प्लीहा वाढलेली आणि यकृत फिकट किंवा रक्ताचे डाग पडलेले आढळते.

यांपैकी एकही लक्षण या एकाच जिवाणूचे म्हणता येत नाही. एडवर्डसिएला टार्डा हाही जलोदर घडवितो. व्रण तर अनेक कारणांनी पडतात. लक्षणे पाहून जिवाणूचे नाव सांगणारा तज्ज्ञ भेटल्यास त्याच्याविषयी थोडी शंका बाळगणे हितावह.

पेशीचे छिद्र : जिवाणूची कार्यपद्धती

माशाच्या शरीरात शिरण्याचे मार्ग तीन : कल्ले, त्वचेवरील जखम आणि आतडे. निरोगी माशाच्या अंगावरील श्लेष्मल थर हा पहिला तट आहे. तो शाबूत असेल तर जिवाणू चिकटतो, पण आत जात नाही. तट फुटला की मात्र त्याची सामग्री क्रमाक्रमाने बाहेर पडते. प्रथिने विरघळविणारी विकरे ऊती सैल करतात, मेदभेदक विकरे पेशीपटलांवर काम करतात आणि रक्तपेशी फोडणारी विषे रक्तात मिसळतात.

या विषांमध्ये एरोलायसिन या प्रथिनाचा अभ्यास सर्वाधिक झाला आहे, आणि ते मुळातच अभ्यासण्यासारखे आहे. जिवाणू ते निष्क्रिय रूपात बाहेर सोडतो. जणू कुलूप लावलेले हत्यार. ते यजमान पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट रेणूंना चिकटते. तेथे यजमानाचीच प्रथिनभेदक विकरे त्याच्या टोकाचा एक तुकडा तोडतात आणि कुलूप उघडते. सक्रिय झालेले सात रेणू एकत्र येऊन एक कडे तयार होते. त्या कड्यातून एक नळी पेशीपटलात घुसते आणि आरपार छिद्र पडते. क्षार व लहान रेणू बाहेर गळू लागतात, पाणी आत शिरते, पेशी मरते. रोहूच्या पोटावर दिसणारा लाल डाग म्हणजे अशा असंख्य छिद्रांची गोळाबेरीज होय. जिवाणूने विष बनवावे आणि ते चालू करण्याचे काम माशाच्याच शरीराकडून करून घ्यावे, यातील काटकसर थक्क करणारी आहे.

याखेरीज अनेक रोगकारक वाणांकडे सूक्ष्म सुईसारखी एक यंत्रणा असते. तिच्याद्वारे ते आपली प्रथिने थेट माशाच्या भक्षकपेशींत टोचतात व त्या निकामी करतात. आणखी एक बाब अशी की, हे जिवाणू परस्परांना रासायनिक संकेत पाठवितात. संख्या पुरेशी वाढल्याचे संकेतांवरून कळले की काही विकरांची निर्मिती वाढते. मोजके जिवाणू आतड्यात निरुपद्रवी राहतात आणि तेच दाटीवाटीने जमले की विध्वंसक होतात, याचे एक कारण येथे सापडते.

संधी कोण देतो?

एम. फिल.च्या प्रबंधिकेसाठी काम करताना प्रस्तुत लेखिकेने बाजारातून आणलेल्या ताज्या, धष्टपुष्ट रोहूच्या आतड्यातील नमुना रिमलर-शॉट्स माध्यमावर पसरला होता. दुसऱ्या दिवशी संपूर्ण तबकडी पिवळ्या वसाहतींनी भरून गेली. हे एरोमोनासचे नेहमीचे लक्षण. सगळेच मासे रोगी आहेत असे समजून मी घाईघाईने मार्गदर्शकांकडे गेले. त्यांनी तबकडी उजेडात धरून पाहिली आणि एवढेच विचारले, "मासा कशाने मेला होता?" तो कोळ्याच्या जाळ्यामुळे मेला होता. त्या प्रश्नाने प्रबंधिकेची दिशाच बदलली.

पोलिश-अमेरिकन मत्स्यरोगतज्ज्ञ स्निएस्को यांनी १९७४ मध्ये हीच गोष्ट तीन वर्तुळांच्या साध्या आकृतीने मांडली : यजमान, रोगकारक आणि पर्यावरण. तिन्ही वर्तुळे जेथे एकमेकांवर येतात तेवढ्या जागेतच रोग असतो. आपल्या तळ्यांत दुसरे वर्तुळ कायमचेच हजर आहे. तेव्हा पाहायचे ते उरलेल्या दोहोंकडे.

पावसाळ्यात सलग ढगाळ दिवस आले की पाण्यातील वनस्पतिप्लवकांचे प्रकाशसंश्लेषण मंदावते. रात्री सर्वच जीव श्वसन करतात आणि पहाटे विरघळलेला प्राणवायू तळाला जातो. सूर्योदयापूर्वी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडताना दिसतात, ते याच कारणाने. असा मासा त्या दिवशी कदाचित मरणार नाही. पण त्याची प्रतिकारशक्ती खालावते आणि व्रण काही दिवसांनी दिसतो. तोवर ढग विसरले गेलेले असतात. शेंगदाण्याची पेंड व भाताचा कोंडा गरजेपेक्षा अधिक टाकल्यास न खाल्लेले अन्न कुजते व अमोनिया वाढतो. आर्ग्युलस म्हणजे माशांच्या अंगावरची ऊ. ती त्वचेत सोंड खुपसून रक्त शोषते आणि प्रत्येक टोचणीगणिक जिवाणूसाठी एक दार उघडते. ओढजाळ्याने वारंवार हाताळणी केल्यास खवले निघतात. बोटुकली दाटीवाटीने पिशव्यांत भरून दूरवर नेली, तर तळ्यात पडताना ती निम्मी हरलेली असते.

पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलावांची एक निराळी अडचण आहे. हे तलाव प्रथमतः सिंचनासाठी आहेत. धानाला पाणी सोडत गेले की पातळी उतरते आणि तेवढेच मासे उथळ, तापलेल्या, गढूळ पाण्यात एकवटतात. मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेला तलाव ठेक्याने मिळतो, पण पाणी किती ठेवायचे याचा निर्णय तिच्या हाती नसतो. एरोमोनासच्या दृष्टीने याहून अनुकूल व्यवस्था आखणे कठीण आहे. रोगाच्या चर्चेत या बाबीचा उल्लेख क्वचितच होतो.

दोन धडे

१९८८ मध्ये बांगलादेशामार्गे ईशान्य भारतात साथीचा व्रणरोग शिरला आणि पुढील काही वर्षांत देशभर पसरला. मरळ, डाकू यांसारखे मासे भयंकर व्रणांनी मरू लागले. व्रणांतून जवळजवळ हमखास एरोमोनास हायड्रोफिला मिळत असे, त्यामुळे तोच आरोपी ठरला. कालांतराने सिद्ध झाले की, खरा कारक अफॅनोमायसिस इन्व्हाडन्स हा कवकसदृश जीव असून स्नायूंत खोलवर शिरणारे त्याचे तंतू व्रण घडवितात. एरोमोनास मागाहून येऊन घाव चिघळवितो. घटनास्थळी सापडला म्हणून गुन्हेगार ठरविण्याची ही चूक मत्स्यरोगशास्त्राला महाग पडली. भुवनेश्वरजवळील केंद्रीय गोडेपाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने या रोगावर 'सिफॅक्स' हे द्रावण विकसित केले आणि ते पुढे शेतकऱ्यांत बरेच रुळले.

याच्या नेमका उलट धडा अमेरिकेतून मिळाला. २००९ मध्ये अलाबामा राज्याच्या पश्चिम भागातील चॅनल कॅटफिशच्या तळ्यांत विक्रीयोग्य आकाराचे मासे अचानक मरू लागले. त्या एका वर्षात तेथे ३० लाख पौंडांहून अधिक मासे गेले. येथे खरोखरच हायड्रोफिला जबाबदार होता. मात्र तो नेहमीचा नव्हता. या अतिविषारी वाणाला मायो-इनोसिटॉल नावाचे शर्करासदृश द्रव्य अन्न म्हणून वापरता येते आणि याच गुणावरून तो प्रयोगशाळेत ओळखता येतो. त्याच्या जनुकसंचाचे चीनमधील गवत्या माशापासून मिळालेल्या वाणाशी निकटचे साम्य आढळले, त्यामुळे तो आशियातून गेला असावा असे संशोधकांचे अनुमान आहे. चीनमध्येही १९८० च्या दशकाअखेरीपासून कार्प माशांत या जिवाणूच्या मोठ्या साथी आल्या होत्या. म्हणजे 'हा केवळ संधिसाधू आहे' असे म्हणून निश्चिंत राहणेही चूकच. शीर्षकातील प्रश्नाचे उत्तर वाणागणिक बदलते, आणि जिवंत मत्स्यबीजाची आयात करताना हे विसरून चालणार नाही.

औषधांचा प्रश्न

आमच्या महाविद्यालयापासून काही अंतरावरील एका मत्स्य सहकारी संस्थेचे पदाधिकारी एकदा मेलेले कटले प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून विभागात आले. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "मॅडम, कोनतं औषध टाकाचं थे सांगा." त्याआधी एका दुकानदाराच्या सांगण्यावरून प्रतिजैविकाची भुकटी खाद्यात मिसळून टाकून झाली होती, आणि त्यावर बराच पैसा खर्च झाला होता.

हा मार्ग का फसतो, हे समजून घेतले पाहिजे. पहिले कारण इतके साधे आहे की ते सांगताना संकोच वाटतो : आजारी मासा खात नाही. औषधी खाद्य निरोगी मासे खातात आणि उरलेले पाण्यात विरघळते. दुसरे कारण असे की, एरोमोनास ॲम्पिसिलिनला उपजतच दाद देत नाही. त्याच्या गुणसूत्रावरच बीटा-लॅक्टमेज विकरांची जनुके आहेत. ही प्रतिकारशक्ती इतकी भरवशाची आहे की, प्रयोगशाळेत इतर जिवाणू दडपून याला वेगळे काढण्यासाठी माध्यमात मुद्दाम ॲम्पिसिलिन घालतात. ऑक्सिटेट्रासायक्लीनसारखी औषधे काही वाणांवर चालतात, पण त्यांच्याविरुद्धची जनुके प्लाझ्मिडवरून एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात. तलावात गुरे उतरतात, कपडे धुतले जातात, गावाचे सांडपाणीही येते. तेथे जी प्रतिकारजनुके तयार होतील ती माशांपुरती राहणार नाहीत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत, मत्स्यपालनासह, कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. मानवी रुग्णालयांतील अखेरचा उपाय मानल्या जाणाऱ्या या औषधाविरुद्धचे एमसीआर-३ हे जनुक २०१७ मध्ये प्रकाशात आले, आणि त्याचे मूळ एरोमोनास कुळात असावे असे अनेक अभ्यासकांना वाटते.

चुन्याविषयीही थोडे. मासे मरू लागले की चुना टाकावा, हा सल्ला सर्वत्र ऐकू येतो. तळे तयार करताना चुना उपयुक्त आहेच. परंतु पाण्यात अमोनिया साचलेला असताना चुन्याने सामू वाढविल्यास काय होते पाहा. ३० अंश तापमानाला सामू ७ असता एकूण अमोनियापैकी १ टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो, सामू ८ असता सुमारे ७ ते ८ टक्के, आणि सामू ९ असता ४० टक्क्यांहून अधिक. म्हणजे ज्या उपायाने मासे वाचवायचे त्यानेच ते गुदमरतात. आधी सामू व अमोनिया मोजावा, मग चुन्याच्या पोत्याला हात लावावा. शक्य असल्यास काही पाणी बदलणे, खाद्य थांबविणे, पहाटे पाणी ढवळणे, ऊ आढळल्यास तिचा बंदोबस्त करणे आणि संख्या विरळ करणे, हे उपाय दिसायला सामान्य असले तरी तिसऱ्या वर्तुळावर नेमके काम करतात.

लसीचे काय, असे विद्यार्थी विचारतात. अडचण अशी की, या जिवाणूचे पृष्ठभागीय प्रकार अनेक डझन आहेत. एकाविरुद्धची लस दुसऱ्याला रोखेलच असे नाही. शिवाय तळ्यातील हजारो माशांना एकेक करून टोचणार कोण? मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयातील संशोधकांनी १९९० च्या दशकाअखेरीस यावर एक सुबक कल्पना राबविली. पृष्ठभागाला चिकटून थरात वाढविलेले मृत जिवाणू खाद्यातून दिले, तर ते आतड्यात लवकर पचत नाहीत व प्रतिकारसंस्थेपर्यंत पोहोचतात, असे त्यांनी कार्प माशांत दाखविले. ही दिशा आशादायक आहे. मात्र आमच्या भागातील तलावांच्या काठापर्यंत ती अद्याप आलेली नाही.

मासे हाताळणाऱ्यांनीही काळजी घ्यावी. हातावर जखम असल्यास तीत हा जिवाणू शिरू शकतो. मधुमेह किंवा यकृताचा विकार असणाऱ्यांत अशी जखम झपाट्याने चिघळते. नीट शिजविलेल्या माशापासून मात्र भय नाही.

राहता राहिला त्या पिशवीतील कटल्यांचा प्रश्न. त्यांच्या मूत्रपिंडातून एरोमोनास मिळाला, भरपूर मिळाला. परंतु त्यावरून काहीच सिद्ध होत नव्हते. मासा मेल्यानंतर उष्ण हवेत काही तासांतच आतड्यातील एरोमोनास सर्व अवयवांत पसरतो, मग मृत्यू कशानेही आलेला असो. निदानासाठी मरणोन्मुख पण जिवंत मासा हवा, तळ्याच्याच पाण्यात आणलेला. सोबत पहाटे घेतलेला पाण्याचा नमुना वेगळ्या बाटलीत हवा. हे त्या पदाधिकाऱ्यांना त्या दिवशी समजावून सांगितले. पुढच्या भाद्रपदात ते पुन्हा आले, तेव्हा त्यांच्या हाती झाकण लावलेली बादली होती आणि तीत दोन कटले कल्ले हलवीत होते. त्यांच्या मूत्रपिंडातून घेतलेल्या नमुन्यांवर एकही पिवळी वसाहत उगवली नाही. कल्ल्यांवर व परांच्या मुळाशी आर्ग्युलस मात्र नुसत्या डोळ्यांनी मोजता येतील इतके होते, आणि बाटलीतील पाण्यात प्राणवायू अगदीच थोडा होता.